‘मुलंच ती, चालायचंच’

वर्गातल्या पाच-सहा पोरांनी मिळून एखाद्या लेकराला रडवलं की मोठ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं, ‘मुलंच ती, चालायचंच.’ शाळेत तक्रार घेऊन गेलेल्या आईला ते ऐकायला मिळतं. घरी वडीलही तेच म्हणतात आणि वर ‘आम्हालाही चिडवायचे, आम्ही काय मेलो का?’ अशी पुस्ती जोडतात. हे वाक्य इतकं अंगवळणी पडलंय की त्यालाही इतिहास असेल, असं कुणाच्या मनात येत नाही. पण तो आहे. ‘हे चालायचं नाही’ असं एखाद्या समाजाने आणि सरकारने ठरवल्याला जेमतेम पन्नास वर्षं झाली आहेत.

हा विषय निवडण्याचं कारण सांगतो. गेल्या काही वर्षांत अनेक मुस्लिम पालकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे, ‘पोराला शाळेत काहीबाही बोलतात, त्याला काय शिकवायचं? सोसायला की भांडायला?’ माझा भाचा दुसरीत असताना मधल्या सुट्टीत दोघा-तिघांनी त्याला ‘तू पाकिस्तानात जा’ म्हणून हैराण केलं. पाकिस्तान म्हणजे काय, हे ना त्याला ठाऊक होतं ना बोलणाऱ्यांना. माझी बहीण बाईंना भेटायला गेली, तेव्हा तिलाही हेच वाक्य ऐकवण्यात आलं. भाच्याचं दुःख मात्र वेगळंच होतं. बोलणाऱ्यांबद्दल तो फारसं काही सांगत नव्हता. ‘माझा दोस्त पण हसला,’ एवढंच पुन्हापुन्हा सांगत होता. त्या हसणाऱ्या दोस्ताबद्दल पुढे बोलायचंच आहे.

आधी शब्दांकडे पाहू. मराठीत ‘चिडवणं’ हा शब्द लाडिक थट्टेला चालतो आणि क्रूर छळालाही. ‘दादागिरी’ म्हटलं की धटिंगण डोळ्यांपुढे येतो, पण शांतपणे कुणाला खेळात न घेणारी मुलगी येत नाही. ‘कट्टी’ तर आपण गोड शब्द मानतो. एकाची एकाशी कट्टी असते तोवर ठीक आहे. तीस जणांच्या वर्गाने एकीशी कट्टी केली की मोठ्यांच्या जगातला ‘वाळीत टाकणं’ हाच शब्द तिथे लागू पडतो. मोठ्यांनी कुणाला वाळीत टाकू नये म्हणून महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. मुलांच्या वाळीत टाकण्याला आपल्याकडे अजून धड नावही नाही. म्हणून इंग्रजीतून ‘बुलिंग’ घ्यावं लागतं.

ज्या इंग्रजांकडून आपण शाळा घेतल्या, त्यांच्याकडेही हा छळ बराच काळ शिक्षणाचाच भाग मानला जाई. १८५७ साली थॉमस ह्यूज यांची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ही कादंबरी आली. ती रग्बी इथल्या निवासी शाळेची गोष्ट आहे. तिच्यातला फ्लॅशमन लहान मुलांचे हाल करतो, टॉमला शेकोटीच्या आगीसमोर धरतो. शेवटी त्याला शाळेतून काढतात, पण ते दारू पिऊन आला म्हणून. लहानग्यांना छळलं म्हणून नव्हे. छळ सोसला की पोरगा मर्द होतो, अशी त्या काळाची समजूत होती. ती आपल्याकडेही रुजली आणि पुढे कॉलेजांत ‘रॅगिंग’ म्हणून फोफावली. त्याविरुद्ध महाराष्ट्राला १९९९ साली कायदा करावा लागला.

समजूत बदलायला सुरुवात झाली ती स्वीडनमध्ये. पीटर-पॉल हाइनेमान नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा कृष्णवर्णीय होता आणि इतर मुलं त्याला टोळीने त्रास देत. १९६९ साली हाइनेमान यांनी यावर लेख लिहिला आणि त्याला नाव दिलं, ‘अपार्टहाइड’. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाला जगभर नावं ठेवणाऱ्या स्वीडिश वाचकांना त्यांनी आपल्याच अंगणात काय चाललंय ते दाखवलं. या वागण्यासाठी त्यांनी एक शब्द उचलला, ‘मॉबिंग’. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांच्या लिखाणातला हा शब्द. घुबडासारखा शिकारी पक्षी दिसला की लहान पक्षी थव्याने त्याच्यावर तुटून पडतात, त्याला उद्देशून तो वापरला जाई. हाइनेमान यांनी तो मुलांच्या टोळीला लावला आणि स्वीडनभर चर्चा पेटली. गोष्टीला नाव मिळालं तेव्हा ती लोकांना दिसू लागली.

त्याच सुमारास डॅन ओल्वेअस हे तरुण मानसशास्त्रज्ञ शाळकरी मुलांचा अभ्यास करत होते. १९७३ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांना थव्याची कल्पना पुरती पटली नव्हती. मुलं क्षणभर भान हरपून तुटून पडतात असं नाही, ठरावीक मुलं ठरावीक मुलांना महिनोन्‌महिने छळतात, असं त्यांना आढळलं. पुढे त्यांनी केलेली व्याख्या जगभर रूढ झाली. तिच्यात तीन गोष्टी आहेत. त्रास मुद्दाम दिलेला असतो. तो पुन्हापुन्हा दिला जातो. आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. दोन बरोबरीच्या पोरांचं भांडण म्हणजे बुलिंग नव्हे. पालकांनी ही व्याख्या लक्षात ठेवावी. प्रत्येक भांडणात धावून जायचं नसतं आणि प्रत्येक त्रास भांडण म्हणून सोडूनही द्यायचा नसतो.

सरकार हललं ते मात्र मुलांचे जीव गेल्यावर. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेतल्या तीन मुलांनी आत्महत्या केल्याची बातमी आली. त्यांची वयं १० ते १४ च्या दरम्यान होती आणि सोबतच्या मुलांनी केलेला छळ हेच कारण असावं, असं दिसत होतं. देश हादरला. १९८३ साली शिक्षण मंत्रालयाने सगळ्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसाठी मोहीम काढली. सुमारे १ लाख ३० हजार विद्यार्थ्यांकडून ओल्वेअस यांनी नाव न लिहिता प्रश्नावली भरून घेतली. शंभरातली सुमारे १५ मुलं या प्रकारात गुंतलेली निघाली, कुणी सोसणारी तर कुणी छळणारी. बर्गन शहरातल्या ४२ शाळांत, सुमारे अडीच हजार मुलांवर त्यांनी उपाय करून पाहिले. मधल्या सुट्टीत मोठ्यांचं लक्ष, वर्गाने मिळून ठरवलेले नियम, दर आठवड्याला वर्गात बोलणं, पालकांच्या बैठका. यात महागडं काही नव्हतं. दोन वर्षांत तक्रारी निम्म्याच्या आसपास उतरल्या.

ओल्वेअस यांचा आणखी एक निष्कर्ष होता. चष्मा, लठ्ठपणा, केसांचा रंग यांमुळे मूल छळाला बळी पडतं, हा समज त्यांच्या आकड्यांत टिकला नाही. स्वीडन-नॉर्वेतल्या त्यांच्या शाळांपुरतं ते खरं असेल. आपल्या देशात तेवढ्यावर भागत नाही. इथे मुलाचं आडनाव, डब्यातलं जेवण आणि आईचा पेहराव वर्गाला आधीच काहीतरी सांगून बसलेला असतो. नाझिया इरम यांनी ‘मदरिंग अ मुस्लिम’ या पुस्तकासाठी अनेक शहरांतल्या शंभराहून अधिक मुस्लिम कुटुंबांशी बोलून हेच नोंदवलं, तेही नावाजलेल्या, महागड्या शाळांमधलं.

हे आजचं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत आपल्या शाळेबद्दल लिहिलंय. वर्गात ते वेगळ्या गोणपाटावर बसत आणि ते गोणपाट रोज घरी न्यावं लागे. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, शिपाई नसला की तहानलेलंच राहायचं. यात कुठला एक दांडगट पोरगा नाही. इथे अख्खी शाळाच छळत होती आणि त्याला ‘रीत’ म्हणत होती. वर्गातल्या इतर मुलांना त्या गोणपाटाने रोज एक धडा दिला असणार. मुलं क्रूरपणा घेऊन जन्मत नाहीत. बाजूला कुणाला बसवायचं, हे ती मोठ्यांकडे बघून शिकतात.

दुसरी आठवण डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची. ‘विंग्ज ऑफ फायर’ या आत्मचरित्रात ती आहे. रामेश्वरमच्या शाळेत पाचवीत टोपी घातलेला कलाम आणि जानवं घातलेला रामनाथ शास्त्री शेजारी बसत. नव्या शिक्षकांना ते पाहवलं नाही, त्यांनी कलामला मागच्या बाकावर पाठवलं. कलाम हिरमुसला आणि रामनाथ रडू लागला. दोघांनी घरी सांगितलं. रामनाथचे वडील लक्ष्मण शास्त्री हे रामेश्वरच्या देवळाचे मुख्य पुजारी. त्यांनी शिक्षकांना बोलावून घेतलं आणि मुलांच्या समोरच सुनावलं की निष्पाप मुलांच्या मनात भेदाचं विष कालवू नका, माफी मागा नाहीतर गाव सोडा. शिक्षक वरमले आणि पुढे बदललेही.

ही गोष्ट आपल्याकडे राष्ट्रीय एकात्मतेचा धडा म्हणून सांगतात. मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, अपमान कलामचा झाला आणि रडला रामनाथ. दुसरी, शिक्षकांना जाब विचारायला पुजाऱ्याने कलामच्या वडिलांची वाट पाहिली नाही. ज्याचा शब्द त्या गावात चालत होता, तो बोलला.

मोठ्यांचा शब्द मुलांवर किती लवकर परिणाम करतो, याचा एक प्रसिद्ध आणि वादग्रस्त दाखला अमेरिकेत आहे. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी आयोवा राज्यातल्या राइसव्हिल गावात जेन एलियट या शिक्षिकेने तिसरीच्या मुलांचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट केले. एका गटाला हुशार म्हणून सवलती दिल्या, दुसऱ्याला कमी लेखलं. पुढे गटांची अदलाबदल केली. काही तासांतच कालचे मित्र एकमेकांना हिणवू लागले आणि कमी ठरवलेली मुलं अभ्यासातही मागे पडली. एवढ्या लहान मुलांना असं दुखवण्याचा शिक्षिकेला अधिकार होता का, यावर आजही वाद होतो. माझ्या मते नव्हता. पण त्या वर्गात जे दिसलं ते खोडून काढता येत नाही. आठ वर्षांच्या पोरांना भेदभाव शिकायला अर्धा दिवस पुरला.

मग दयाळूपणा शिकायला किती वेळ लागतो? आता भाच्याच्या त्या हसणाऱ्या दोस्ताकडे येतो. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी छळणारा आणि सोसणारा या दोघांपलीकडे पाहिलं. बाकीचा वर्ग तेव्हा काय करत असतो? काही जण साथ देतात. काही जण हात लावत नाहीत, पण हसतात, जवळ येऊन बघतात. काही जण बाजूला सरकतात. आणि थोडे जण सोसणाऱ्याची बाजू घेतात. हसणाऱ्याला वाटतं, आपण काहीच केलं नाही. पण छळणाऱ्याला हवा असतो तो प्रेक्षक आणि हसणारा ती जागा भरतो.

कॅनडातल्या संशोधकांनी शाळांच्या मैदानावर चित्रीकरण करून हे प्रत्यक्ष मोजलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत छळाच्या दहापैकी जवळपास नऊ प्रसंगांत इतर मुलं हजर होती, पण मध्ये पडली ती पाचातल्या एखाद्या प्रसंगात. जिथे पडली, तिथे निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. हा आकडा मी भेटेल त्या शिक्षकाला सांगतो. ‘ए, सोड ना त्याला’ म्हणायला दहा सेकंदही लागत नाहीत.

याच विचारातून फिनलंडने शाळांसाठी कार्यक्रम तयार केला, ‘किवा’. छळाविरुद्ध अशा अर्थाच्या फिनिश शब्दांपासून हे नाव बनलंय आणि त्याच भाषेत ‘किवा’ म्हणजे छान, गोड. २००९ पासून तो देशभरातल्या शाळांना देण्यात आला. त्यातले धडे मुख्यतः बघ्यांसाठी आहेत. हसू नकोस, जवळ जाऊन बस, मोठ्यांना सांग, सुट्टीत त्याला खेळायला बोलाव. ‘चांगलं वाग’ असा मोघम उपदेश मुलाला कळत नाही. ‘उद्या सुट्टीत त्याच्याशेजारी डबा खा’ हे कळतं.

अगदी लहान मुलांसाठी मात्र मला सगळ्यात आवडतो तो शिकागोतल्या विवियन पेली यांचा प्रयोग. पाच वर्षांच्या मुलांना शिकवताना त्यांना दिसलं की ‘तू आमच्यात खेळायचं नाहीस’ म्हणण्याचा हक्क काही ठरावीक मुलांनी घेतलाय आणि नकार ऐकणारी मुलंही तीच ती आहेत. त्यांनी वर्गापुढे एक नियम मांडला. खेळायला आलेल्या कुणालाही ‘नाही’ म्हणता येणार नाही. लादण्याआधी तो मुलांशी चर्चेला ठेवला. मोठ्या वर्गांत जाऊनही विचारलं. मोठी मुलं म्हणाली, नियम न्याय्य आहे, पण आमच्यासाठी आता उशीर झाला, लहानांना शिकवा. लहानांनी आधी खळखळ केली आणि मग तो नियम असा अंगी लावला की ज्यांनी विरोध केला होता त्यांनाही हायसं वाटलं. १९९२ साली पेली यांनी यावर पुस्तक लिहिलं. मोठ्या मुलांचं ते उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. दहा-अकराव्या वर्षी मूल स्वतःच सांगतंय की उशीर झाला. म्हणजे सुरुवात बालवाडीतच व्हायला हवी.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं, ते मुलांना भीती न दाखवता शिकवता येतं या विश्वासावर. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी तेच काम पुढे बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेलं. साने गुरुजी अमळनेरला वसतिगृह सांभाळत, तेव्हा मुलांच्या खोल्या स्वतः झाडत, त्यांचे कपडे धूत. ‘असं करू नये बाबा’ असा उपदेश तर ते करतच, पण मुलांना आधी दिसायचा तो त्यांच्या हातातला झाडू. त्याच गुरुजींनी पैगंबरांचं चरित्र आणि इस्लामची ओळख करून देणारं ‘इस्लामी संस्कृती’ लिहिलं, कारण शेजाऱ्याबद्दल माहिती नसली की गैरसमज वाढतात. पाकिस्तान माहीत नसताना पाकिस्तानात जा म्हणणारी मुलं अशाच अज्ञानातून येतात.

कायद्याचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं सतरावं कलम मुलांना मारण्यास आणि त्यांच्या मानसिक छळास मनाई करतं. मुलाला वर्गासमोर त्याच्या धर्मावरून, जातीवरून बोलणाऱ्या शिक्षकाविरुद्ध पालकांनी याचा आधार घ्यावा. लेखी तक्रार द्यावी, तारीख टाकावी, पोच घ्यावी.

आता थोडं आपल्या घरातलं. आमच्या मोहल्ल्यात तोतरं बोलणाऱ्या मुलाला ‘हकला’ हेच नाव पडतं आणि ते लग्नापर्यंत चिकटतं. सावळ्या मुलीला रंगावरून हाक मारतात. बिरादरीच्या नावाने आजही शिवीसारखं बोललं जातं आणि ते घरातल्या लहानग्यांच्या कानावर पडतं. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टर उडवू नका, वाईट नावं ठेवू नका, अशी स्पष्ट ताकीद आहे. मक्तबात मुलं कितीतरी आयती पाठ करतात, पण या आयतीचा अर्थ किती जणांना समजावून सांगितला जातो? माझ्या लेकराला कुणी हिणवलं तर मला न्याय हवा असतो. त्याच लेकराने शेजारच्या पोराला हिणवलं तर तिथेही मला तितक्याच तातडीने उठावं लागेल. एका बाजूचा न्याय मुलं लगेच ओळखतात.

मग त्या पालकांना मी काय सांगतो? मुलाला सोसायला शिकवू नका आणि एकट्याने लढायलाही शिकवू नका. ताकद सारखी नसते, म्हणूनच त्याला छळ म्हणतात. घरी आलं की ‘आज काय शिकलास’ याच्या बरोबरीने ‘आज कुणाशेजारी बसलास, कोण एकटं होतं’ हेही विचारा. त्रास होत असेल तर त्याची चूक नाही, हे त्याला शब्दांत सांगा. शिक्षकांना भेटा आणि छळणाऱ्याला शिक्षा मागण्याआधी बाकीच्या वर्गाशी बोलायला सांगा. मुस्लिमेतर वाचकांनाही एक विनंती आहे. तुमच्या मुलाला कधी कुणी असं बोललं नसेल, तर त्याला हा प्रश्न जरूर विचारा, ‘तुझ्यासमोर कुणाला बोलले, तेव्हा तू काय केलंस?’ रामेश्वरमला लक्ष्मण शास्त्रींच्या घरी रामनाथ रडत आला, तेव्हा त्यांनी ‘मुलंच ती’ म्हटलं नव्हतं.

भाच्याचा तो दोस्त अजूनही त्याच्याच वर्गात आहे. बहिणीने त्याला ईदला घरी बोलावलं. तो आला, शिरखुर्मा खाल्ला आणि दिवसभर खेळला. मधल्या सुट्टीतलं ते बोलणं पुरतं थांबलेलं नाही. पण आता तो हसत नाही, असं भाचा सांगतो.